शांता आपटे : गाणारी नायिका आणि तिच्या श्रमाचा प्रश्न

प्रस्तावना

भारतीय बोलपटाच्या पहिल्या दीड दशकात नायक अथवा नायिका होऊ पाहणाऱ्या कलावंताला गाता येणे ही जवळजवळ अनिवार्य अट होती. कुंदनलाल सैगल, कानन देवी, गोविंदराव टेंबे, विष्णुपंत पागनीस, नूरजहाँ, सुरैया ही सारी नावे गायक-नट या एकाच परंपरेची आहेत. या परंपरेत शांता आपटे (१९१६-१९६४) यांचे स्थान दोन कारणांनी वेगळे ठरते. चित्रपटातील गाणे हा अभिनयाचाच एक प्रकार आहे हे त्यांनी पडद्यावर सिद्ध करून दाखविले, हे पहिले कारण होय. या अभिनयावर आणि गाण्यावर नेमका हक्क कोणाचा, कलावंताचा की त्याला पगार देणाऱ्या संस्थेचा, हा प्रश्न त्यांनी जाहीरपणे उपस्थित केला, हे दुसरे कारण होय.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींची नोंद आढळते. मात्र ती परस्परांपासून तुटलेली असते. ‘कुंकू’मधील नीरा ही प्रभात फिल्म कंपनीच्या आणि व्ही. शांताराम यांच्या कर्तृत्वाच्या खात्यात जमा होते. तर १९३९ साली प्रभातच्या प्रवेशद्वाराशी शांताबाईंनी केलेले उपोषण एका मानी नटीच्या स्वभावविशेषाचा किस्सा म्हणून सांगितले जाते. या दोन गोष्टी एकाच कारकिर्दीच्या परस्परावलंबी बाजू आहेत आणि दुसरी समजून घेतल्याशिवाय पहिलीचे मोल कळत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या दृष्टीने शांताबाईंची कारकीर्द, तत्कालीन स्टुडिओव्यवस्था आणि पुढे रूढ झालेली पार्श्वगायनाची पद्धत यांचा येथे एकत्रित विचार केला आहे.

संगीत रंगभूमी, बोलपट आणि गायक-नट

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मराठी बोलपटाला हाताशी असलेली तयार सामग्री संगीत रंगभूमीची होती. ‘अयोध्येचा राजा’चे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते आणि त्यातील हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली होती. रंगभूमीवरील पद मुख्यतः गाण्यासाठी असे. नाट्यप्रसंग क्षणभर थांबे, नट प्रेक्षकांच्या समोर येई, रागाचा विस्तार होई आणि ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा रंगे. भूमिका आणि गायन यांत काही अंतर आहे, याची खंत ना नटाला होती ना प्रेक्षकाला.

बोलपटाच्या तंत्राने या रीतीला दोन मर्यादा घातल्या. पहिली मर्यादा ध्वनिक्षेपकाची. प्रारंभीच्या काळात गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असे. साथीदार चौकटीबाहेर बसत, आणि ध्वनिक्षेपकाच्या टप्प्याबाहेर जाऊ नये म्हणून गाणाऱ्याच्या हालचालीवर बंधन येई. दुसरी मर्यादा कॅमेऱ्याची. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा हावभाव समीपदृश्यात भडक दिसू लागला. त्यामुळे आरंभीच्या अनेक बोलपटांत गाणारा नट एका जागी खिळून उभा राहिलेला किंवा बसलेला दिसतो. चेहरा सुरावर एकाग्र, शरीर स्थिर आणि कथा थांबलेली.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न रंगभूमीवरच सुरू झाला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे, पदांची संख्या मोजकी ठेवणे आणि प्रत्येक पद प्रसंगाला व पात्राच्या मनःस्थितीला धरून बांधणे ही या प्रयोगाची वैशिष्ट्ये होती. या संस्थेशी संबंधित असलेले केशवराव भोळे, केशवराव दाते आणि के. नारायण काळे हे तिघेही पुढे प्रभातमध्ये आले. शांता आपटे यांच्या प्रभातमधील कामगिरीचा पाया या स्थलांतरात आहे.

जडणघडण आणि पहिली भूमिका

शांता आपटे यांचा जन्म १९१६ साली दुधनी येथे झाला. संगीताचे शिक्षण त्यांनी पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात घेतले. त्या काळी ब्राह्मण मध्यमवर्गीय घरातील मुलीने चित्रपटात काम करणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती. मूकपटाच्या काळात सामाजिक अप्रतिष्ठेच्या भयाने स्त्रीकलावंत मिळणे दुरापास्त होते. बोलपट आल्यावर मात्र शुद्ध उच्चार आणि संस्कारित गळा यांची गरज निर्माण झाली आणि निर्माते ‘चांगल्या घरातील’ मुलींचा शोध घेऊ लागले. दुर्गा खोटे यांच्या चित्रपटप्रवेशाने या बदलाला प्रतिष्ठा मिळाली. शांताबाईंचा प्रवेश त्याच सुमाराचा असला, तरी दुर्गाबाईंसारखी संपन्न घराण्याची पार्श्वभूमी त्यांना नव्हती. गाणे आणि अभिनय हे त्यांच्यासाठी उपजीविकेचे साधन होते, ही बाब पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९३२ साली भालजी पेंढारकर यांनी दिग्दर्शित केलेल्या सरस्वती सिनेटोनच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांनी राधेची भूमिका केली. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. दोघांचाही हा पहिलाच चित्रपट. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. या यशाने दोन किशोरवयीन गायक-कलावंत एकदम घराघरांत पोहोचले. तथापि या चित्रपटातील शांताबाईंचे गाणे अजून रंगभूमीच्या वळणाचेच होते. त्यांची स्वतंत्र शैली घडली ती प्रभातमध्ये.

प्रभातमधील पर्व : गाण्यातील अभिनय

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. पुण्यातील नव्या स्टुडिओतून बाहेर पडलेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४) हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला. यज्ञातील बळी बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्या हत्येचा कट रचणारा राजगुरू यांच्या संघर्षाच्या या कथेत शांताबाईंनी सुमित्रेची भूमिका केली. संगीत केशवराव भोळे यांचे होते. राजगुरूच्या डोळ्याचे समीपदृश्य हा या चित्रपटाचा नेहमी उल्लेखिला जाणारा विशेष. तितकाच लक्षणीय, पण कमी उल्लेखिला गेलेला विशेष म्हणजे सुमित्रेची गाणी. येथे गाणारी व्यक्ती गाताना पाहते, वळते, थबकते आणि समोरच्याचा वेध घेते. सूर आणि नजर एकाच वेळी काम करतात.

चित्रपट-अभ्यासकांनी शांताबाईंच्या या शैलीची दखल आवर्जून घेतली आहे. उत्स्फूर्त वाटणारे हातवारे, डोळ्यांची चपळ हालचाल आणि शब्दाच्या अर्थानुसार बदलणारी मुद्रा यांच्या योगे त्यांनी तीसच्या दशकातील चित्रगीताच्या सादरीकरणाचे स्वरूपच पालटून टाकले. रागसंगीताची तालीम असूनही तानांचे प्रदर्शन त्यांनी टाळले. भोळे यांच्या रचनांतील भावगीताकडे झुकणारा संयम आणि शांताबाईंचा मोकळा, ठसठशीत स्वर यांचा मेळ येथे जमून आला.

१९३६ साली त्या प्रभातच्या दोन चित्रपटांत दिसल्या. ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे यांनी रंगविलेली बंडखोर सौदामिनी केंद्रस्थानी होती आणि राजकन्या नंदिनीची भूमिका शांताबाईंकडे होती. मास्टर कृष्णराव यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटातील त्यांची गाणी अतिशय लोकप्रिय झाली. ‘रजपूत रमणी’ हा त्याच वर्षीचा दुसरा चित्रपट. १९३७ मध्ये के. नारायण काळे यांच्या ‘वहाँ’त आणि १९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये त्यांनी काम केले. ‘गोपालकृष्ण’ हे प्रभातच्या पहिल्या मूकपटाचेच बोलपटातील नवे रूप होते. त्यात राम मराठे कृष्ण झाले होते आणि शांताबाईंकडे पुन्हा एकदा राधेची भूमिका आली. ‘श्यामसुंदर’ आणि ‘गोपालकृष्ण’ यांच्यामध्ये अवघी सहा वर्षे आहेत. परंतु या दोन राधांमधील अंतर हेच चित्रगीताने तेवढ्या काळात केलेल्या वाटचालीचे माप आहे.

‘कुंकू’ : आवाज हेच प्रतिकाराचे साधन

शांताबाईंच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९३७ चा ‘कुंकू’ होय. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला, व्ही. शांताराम दिग्दर्शित हा चित्रपट हिंदीत ‘दुनिया न माने’ या नावाने आला. अनाथ नीरेचे तिचा मामा फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून देतो. नीरा हे लग्न मनाने स्वीकारीत नाही, पतीचा सहवास नाकारते आणि त्याच घरात राहून आपला विरोध चालू ठेवते. अखेरीस काकासाहेबांना आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची जाणीव होते व ते आत्महत्या करतात. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना दिलेली करुण प्रतिष्ठा आणि समाजकार्यकर्त्या मुलीच्या भूमिकेतील शकुंतला परांजपे यांचा संयत वावर यांमुळे हा चित्रपट एकसुरी प्रचारपट झाला नाही.

ध्वनीच्या दृष्टीने ‘कुंकू’ हा एक असाधारण प्रयोग होता. त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. घड्याळाचे ठोके, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरची गडबड असे प्रसंगातूनच उत्पन्न होणारे ध्वनी तेवढे ऐकू येतात. गाण्यांनाही हाच नियम लावला होता. ग्रामोफोनवर तबकडी लावून तिच्या साथीने नीरा गाते, ही योजना या नियमातूनच आलेली आहे. केशवराव भोळे यांच्यासारख्या संगीतकाराने स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन होते.

या बंधनाचा सगळा भार गाणाऱ्या नायिकेवर पडला. ज्या चित्रपटात वाद्यवृंद नाही, तेथे गाणे का सुरू झाले याचे उत्तर नटीच्या अभिनयातूनच मिळावे लागते. नीरेचे गाणे म्हणजे करमणूक नव्हे आणि प्रार्थनाही नव्हे. ज्या घरात तिच्या शब्दाला किंमत नाही, त्या घरात आपले अस्तित्व जाणवून देण्याचा तो तिचा मार्ग आहे. लाँगफेलो यांची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही इंग्रजी कविता ती गाते. एका मराठी सामाजिक चित्रपटात इंग्रजी कविता गाणारी ही नायिका परकी वाटत नाही, कारण शिक्षणाने तिला दिलेले आत्मभानच तिच्या बंडाचे मूळ आहे. अंगलट येऊ पाहणाऱ्या वयस्क सावत्र मुलाला ती बदडून काढते, तेव्हाही प्रेक्षकाला धक्का बसत नाही. त्या क्षणाची तयारी तिच्या स्वराने आणि नजरेने आधीच करून ठेवलेली असते.

नीरेची कल्पना कादंबरीकाराची, मांडणी दिग्दर्शकाची आणि स्वररचना संगीतकाराची, हे खरे. पण या तिन्ही गोष्टी प्रेक्षकापर्यंत ज्या एका देहातून आणि कंठातून पोहोचल्या तो शांताबाईंचा होता. शिवाय दोन भाषांतील आवृत्त्यांमुळे एकाच भूमिकेचे संवाद आणि गाणी त्यांना दोनदा सिद्ध करावी लागली. या कामाची मोजदाद कोणत्या नियमाने करावयाची, हा प्रश्न दोनच वर्षांत पुढे आला.

स्टुडिओव्यवस्था आणि १९३९ चे उपोषण

तीसच्या दशकातील मोठ्या चित्रपटसंस्था कारखान्यासारख्या चालत. दिग्दर्शक, लेखक, संगीतकार, नट, सुतार, रंगारी आणि रसायनशाळेतील कामगार हे सर्व मासिक वेतनावर असत. प्रभातची शिस्त प्रसिद्ध होती. एका आवारात सर्व विभाग आणि वेळेचे काटेकोर पालन यांमुळेच प्रभातला दर्जा आणि सातत्य साधता आले, हे नाकारण्याचे कारण नाही. वेतन नियमित मिळत असल्याने कलावंताला नाटकमंडळीतील अनिश्चिततेपेक्षा ही व्यवस्था अधिक सुरक्षितही वाटे.

परंतु या व्यवस्थेत एक विसंगती होती. नटी हजेरीपटावर नोकर होती आणि जाहिरातीत मात्र तारका होती. चित्रपट तिच्या नावावर चाले; तथापि त्याच्या यशात तिचा वाटा करारात ठरलेल्या पगारापुरताच राही. करार चालू असेपर्यंत इतरत्र काम करता येत नसे. भूमिका मिळाली नाही तर बसून राहावे लागे आणि बसून राहिलेला प्रत्येक महिना तिच्या उमेदीच्या वर्षांतून वजा होई. दुर्गा खोटे यांनी एका संस्थेशी बांधून न घेता निरनिराळ्या संस्थांत काम करण्याचा मार्ग त्या काळी निवडला होता. पण तो सर्वांनाच खुला नव्हता.

जुलै १९३९ मध्ये शांता आपटे यांनी पुण्यात प्रभातच्या प्रवेशद्वाराशी उपोषण आरंभिले. वादाचा विषय करार आणि वेतनकपात यांच्याशी निगडित होता. एक लोकप्रिय नायिका आपल्याच संस्थेच्या फाटकापाशी अन्नत्याग करून बसली आहे, ही बातमी वृत्तपत्रांत आणि चित्रपटविषयक नियतकालिकांत गाजली. काहींनी सहानुभूती दर्शविली, काहींनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरविला. उपोषण लवकरच संपले. शांताबाईंचे प्रभातशी असलेले नातेही संपले. ‘गोपालकृष्ण’ हाच त्यांचा प्रभातमधील अखेरचा चित्रपट ठरला.

या घटनेकडे केवळ स्वभावाचा आविष्कार म्हणून पाहणे अपुरे आहे. तिचा काळ लक्षात घेतला पाहिजे. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहविषयक कायद्याविरुद्ध मुंबईत कामगारांनी सार्वत्रिक संप केला होता. मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोट येथे उपोषण केले होते. संप आणि उपोषण ही दोन्ही साधने त्या वर्षी जनतेच्या परिचयाची होती. शांताबाईंनी यांपैकी दुसरे साधन पहिल्याच्या कारणासाठी वापरले. संघटना पाठीशी नसलेल्या एकट्या नोकरदार स्त्रीने दारात बसून केलेली ही मागणी होती, आणि मागणीचा आशय नोकरीच्या अटींचा होता. चित्रपटसृष्टी हीही एक श्रमव्यवस्था आहे, हे या कृतीने फाटकाबाहेरच्या लोकांना प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले.

ज्या देहाच्या हालचालीने प्रभातच्या गाण्यांना जिवंतपणा दिला, तोच देह आता काम नाकारून फाटकाशी बसला होता. गाणारी, बोलणारी आणि पडद्यावर सतत हलती असलेली नायिका स्तब्ध झाली, तेव्हा तिच्या हालचालीमागे काम असते याची जाणीव झाली.

‘जाऊ मी सिनेमात?’

उपोषणानंतर १९४० साली शांताबाईंचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणी जो प्रश्न विचारीत, तोच त्याचे शीर्षक आहे. रूढ अर्थाने हे आत्मचरित्र नव्हे. आपल्या यशाची कहाणी सांगण्यापेक्षा या व्यवसायाची घडण समजावून देणे हा त्याचा हेतू दिसतो. कलावंताकडून काम कसे करून घेतले जाते, भांडवल आणि श्रम यांचा संबंध येथे कसा असतो आणि झगमगाटाच्या आड शरीराची झीज कशी होते, याविषयी त्यात विवेचन आहे.

या पुस्तकाचे महत्त्व मराठी स्त्री-कलावंतांच्या लेखनाच्या क्रमात ठेवून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० चे, लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ १९८१ चे, तर दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ चे. ही सर्व पुस्तके कारकीर्द सरल्यानंतर, मागे वळून पाहताना लिहिलेली आहेत. शांताबाईंनी मात्र ऐन उमेदीत, त्याच व्यवसायात पुढे काम करावयाचे असताना लेखणी हाती घेतली. त्यातील धोका उघड होता. निर्मात्यांच्या मर्जीवर ज्यांचे भवितव्य अवलंबून होते, त्या कलावंताने निर्मात्यांच्या व्यवहाराची जाहीर चिकित्सा केली होती.

प्रभातविषयीचे पुढील काळातील महत्त्वाचे लेखन पाहता हा मुद्दा अधिकच जाणवतो. शांताराम आठवले यांचे ‘प्रभातकाल’, केशवराव भोळे यांचे संगीतविषयक आत्मकथन, व्ही. शांताराम यांचे ‘शांतारामा’ ही पुस्तके मौलिक आहेत. पण ती संस्थेच्या निर्मात्यांची अथवा रचनाकारांची आहेत. संस्थेच्या हजेरीपटावरील स्त्रीची बाजू तिच्याच शब्दांत सांगणारे पुस्तक दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. अलीकडच्या दोन दशकांत मुंबई-पुण्याच्या चित्रपटव्यवसायातील श्रमाचा इतिहास अभ्यासला जाऊ लागल्यावरच उपोषण आणि पुस्तक या दोहोंकडे संशोधकांचे लक्ष नव्याने वळले.

प्रभातनंतर : मद्रास, लाहोर, मुंबई

प्रभात सोडल्यानंतर शांताबाईंच्या कारकिर्दीचा भौगोलिक विस्तार वाढला. १९४१ साली वाय. व्ही. राव यांच्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी नायिकेची भूमिका केली. त्यासाठी त्यांनी तमिळचा अभ्यास केला आणि आपले संवाद व गाणी स्वतःच म्हटली. याच चित्रपटात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन पद्धतींत घडलेल्या दोन गायिका एकाच पौराणिक कथेत एकत्र आल्या, ही गोष्ट गायक-नटाच्या परंपरेचा देशव्यापी पट दाखविणारी आहे.

१९४२ साली देवकी बोस यांच्या ‘अपना घर’मध्ये आणि लाहोरच्या पांचोली संस्थेच्या ‘जमीनदार’मध्ये त्या चमकल्या. ‘जमीनदार’चे संगीत गुलाम हैदर यांचे होते आणि त्यात शमशाद बेगम यांच्या आवाजातील गाणी लोकप्रिय झाली. १९४३ च्या ‘दुहाई’त नूरजहाँ आणि शांता आपटे एकत्र होत्या. १९४६ मध्ये भालजी पेंढारकर यांचा ‘वाल्मीकी’ आणि मास्टर विनायक यांचा ‘सुभद्रा’ हे त्यांचे चित्रपट आले. मराठीत शांताराम आठवले यांच्या ‘भाग्यरेखा’त (१९४८) त्यांनी भूमिका केली. पुढे ‘जागा भाड्याने देणे आहे’ (१९४९), ‘कुंकवाचा धनी’ (१९५१), ‘ताई तेलीण’ (१९५३) अशा चित्रपटांतून त्या दिसत राहिल्या. पण ‘कुंकू’च्या तोडीची भूमिका पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच होते.

या उतरणीची कारणे अनेक आहेत. प्रभातमध्ये लेखक, संगीतकार आणि दिग्दर्शक यांचा जो सुसंवादी गट त्यांच्यामागे होता, तो स्वतंत्रपणे काम करताना लाभणे शक्य नव्हते. युद्धकाळात स्टुडिओव्यवस्थाच ढासळू लागली. स्वतः प्रभातही १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडल्यानंतर पूर्वीची राहिली नाही आणि १९५३ साली बंद पडली. बंधमुक्त झालेल्या कलावंताला स्वातंत्र्य मिळाले, तसे त्याचे छत्रही गेले. मात्र सर्वांत निर्णायक कारण तंत्राचे होते.

पार्श्वगायन : देह आणि स्वर यांची फारकत

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूप छाँव’ यांत पार्श्वगायनाचा वापर केला. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवावयाचे आणि नटाने केवळ ओठ हलवावयाचे, ही पद्धत हळूहळू सर्वत्र पसरली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ती नियम बनली. जानेवारी १९४७ मध्ये सैगल यांचे निधन झाले, फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. सुरैया यांनी १९६३ पर्यंत ही परंपरा चालविली, पण तोवर त्या अपवाद ठरल्या होत्या.

‘सुभद्रा’ या चित्रपटात या स्थित्यंतराची एक लक्षणीय खूण आढळते. वसंत देसाई यांच्या संगीतातील एका गीतात शांता आपटे यांच्यासोबत तरुण लता मंगेशकर यांचा स्वर आहे. लताबाईंनी या चित्रपटात छोटी भूमिकाही केली होती. एक गायिका अभिनयातून गाण्याकडे कायमची वळण्याच्या बेतात आहे आणि दुसरीला अभिनयापासून गाणे वेगळे करता येत नाही. या दोन कालखंडांची गाठ तेथे एकाच ध्वनिमुद्रिकेत पडते.

पार्श्वगायनाने चित्रसंगीताला अपार समृद्धी दिली, याविषयी दुमत नाही. परंतु शांताबाईंनी घडविलेल्या कलेचा आधारच त्याने काढून घेतला. त्यांचे वैशिष्ट्य निव्वळ गळ्यात नव्हते. स्वर लागतो त्याच क्षणी डोळ्यांत उमटणारा अर्थ हे ते वैशिष्ट्य होते. गाणे एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा झाल्यावर या एकात्मतेची गरज उरली नाही. श्रमाच्या दृष्टीने पाहता, जे काम एकच व्यक्ती करीत होती त्याचे दोन भाग झाले आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येण्याजोगा झाला.

शांताबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र मिटला नाही. तो नव्या जागी उभा राहिला. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर प्रारंभी गायिकेच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर यांनी गायकांच्या स्वामित्वधनाची मागणी लावून धरली आणि त्यावरून मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचे मतभेदही झाले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलावंतांच्या हक्कांना अधिक स्पष्ट कायदेशीर आधार मिळाला. आपल्या कलेतून निर्माण होणाऱ्या मूल्यात कलावंताचा वाटा किती, हा या सर्व प्रसंगांतील समान विषय आहे. आणि या मालिकेचा आरंभबिंदू शोधताना १९३९ च्या प्रभातच्या फाटकापर्यंत मागे जावे लागते.

समारोप

शांता आपटे यांच्या कारकिर्दीच्या या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मराठी-हिंदी चित्रगीताला संगीत रंगभूमीच्या वळणातून बाहेर काढण्याचे श्रेय संगीतकार आणि दिग्दर्शक यांच्याबरोबरच गाणाऱ्या नटीलाही द्यावे लागते. ‘अमृतमंथन’पासून ‘कुंकू’पर्यंत ते काम तिच्या देहातून आणि स्वरातून झाले आहे. दुसरा असा की, १९३९ चे उपोषण आणि १९४० चे पुस्तक या एका स्वाभिमानी व्यक्तीच्या रागाच्या दोन घटना नसून एका सुसंगत भूमिकेचे कृतिरूप आणि शब्दरूप आहेत. तिसरा असा की, पार्श्वगायनामुळे झालेली गायक-नटाची अखेर ही तंत्राच्या इतिहासाइतकीच श्रमविभागणीच्या इतिहासाचीही घटना आहे.

प्रभातच्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. ‘कुंकू’ तेथे अभ्यासला जातो. दिग्दर्शन, ध्वनियोजना, प्रतीके यांची चर्चा होते. नीरेने न पटणाऱ्या व्यवस्थेला घराच्या आत राहून नकार दिला आणि ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने दोनच वर्षांत तसाच नकार याच आवाराच्या दारात उभा केला. पहिल्या नकाराला मराठी समाजाने कलाकृती म्हणून डोक्यावर घेतले, तर दुसऱ्याला चहाटळ किस्सा मानून बाजूला सारले. या दोन्ही नकारांना एकाच इतिहासात स्थान देणे, हे मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनापुढील काम आहे.